दस्तगीरचं वाजतं पायताण

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडातनं पहिला शब्द निघाला तो "कोण बोलतंय?" असा. नंबर त्याच्या मुलाचा, आवाज त्याच्या मुलाचा, तरी मी विचारलं. "काका, मी सलीम... अब्बा गेले," तो म्हणाला. मी म्हणालो, "डॉक्टरनं बघितलं का? कुठल्या डॉक्टरनं?" पलीकडं पोरगं हुंदके देत होतं आणि इकडं मी उलटतपासणी घेत होतो. सकाळी दुकानात गादीला टाके घालता घालता छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत मान टाकली, एवढंच झालं होतं. रिक्षा करून मी गंगावेशीजवळच्या त्याच्या दुकानात पोचलो तर अर्धी शिवलेली गादी तशीच पडलेली, सुई दोऱ्यासकट तिच्यात अडकलेली, आणि मागच्या घरात दस्तगीर डोळे मिटून आडवा. थेटरात पिक्चर रटाळ निघाला की तो अगदी असाच मान टाकून पडायचा आणि मधेच एक डोळा उघडून विचारायचा, "संपलं का रं?" मी बराच वेळ त्या डोळ्याकडं बघत उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं हा उघडणार. कब्रस्तानात माती देऊन आलो, हातपाय धुतले, तरी माझा विश्वास बसला नव्हता.

विश्वास न बसणं हा माझा जुना रोग आहे. जकात नाके बंद होईपर्यंत मी नाक्यावर कारकून होतो. शिरोळकडनं येणारा ट्रक असो की हुपरीकडनं येणारी जीप, "आत काय हाय?" एवढाच प्रश्न मी जन्मभर विचारला आणि आलेल्या उत्तरावर कधी भरवसा ठेवला नाही. हुपरीचा एक म्हातारा रोज जेवणाचा डबा घेऊन जायचा. हुपरी चांदीच्या कामाचं गाव, भाकरीखाली चांदी असणार असा मला वहीम होता, म्हणून एकदा डबा उघडायला लावला. भाकरी, पिठलं, कांदा. म्हातारा म्हणाला, "घ्या की साहेब दोन घास." दुसऱ्या दिवशी मी परत उघडायला लावला. नाके बंद झाले, सवय काही बंद झाली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. खात असेन. पण इतक्या वर्षांच्या दोस्तीत ज्या एका माणसाच्या शब्दाचा मी कधी वास घेतला नाही तो म्हणजे दस्तगीर नदाफ. आणि नेमके त्याचेच दोन शब्द माझ्या घशाखाली कधी उतरले नाहीत. माझ्या मुलीचा सिनेमा बघून तो म्हणाला होता, "चांगला हाय." हे तो खरं बोलला की माझं मन राखायला खोटं बोलला, ते मला आजवर कळलं नव्हतं. विचारून विचारून मी थकलो आणि तो तसाच निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, एका गादीवाल्याच्या मताचं एवढं काय? तर त्याला सिनेमातलं फार कळत होतं असा माझा दावा मुळीच नाही. तो आपला चार लोकांसारखा, काम उरकलं की संध्याकाळच्या खेळाला जाणारा प्रेक्षक. दिग्दर्शक कोण, संगीत कुणाचं, याची त्याला फिकीर नसायची. आपटणार म्हणून त्यानं सांगितलेले पिक्चर महिनोन् महिने चाललेले मी बघितलेत, आणि "ह्यो लई चालणार बघ" म्हणालेला पिक्चर पुढच्या शुक्रवारी उतरलेलाही बघितलाय. चुकायचा, पण चुकला तरी स्वतःच्या अकलेनं चुकायचा. पेपरात काय आलंय, मोबाईलवर कोण नाचतंय, किती कोटींचा आकडा फिरतोय, त्यावर त्याची एकच शंका असायची, "मोजायला तू गेलतास काय?" एका फार गाजलेल्या पिक्चरातनं बाहेर पडताना सगळी पोरं शिट्ट्या मारत होती आणि हा मोठ्यानं म्हणाला होता, "गादी वरनं मखमलीची हाय, आत नुसता भुस्सा भरलाय." पोरं अंगावर आली. मी मध्ये पडलो आणि उगीच एक गुद्दा मला बसला.

त्याचं खरं मत मात्र तोंडातनं यायच्या आधी पायातनं यायचं. दस्तगीर कायम करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण घालायचा, तळाच्या दोन थरांत बिया घालून शिवतात तसलं. तो गल्लीच्या तोंडाशी आला की घरात चहाचं आधण पडायचं. थेटरात खुर्चीवर बसला की आधी पायताणं काढून खाली ठेवायची, मांडी घालायची, आणि मग पिक्चर. आवडला तर दिवे लागेपर्यंत मांडी मोडत नसे. नाही आवडला की अंधारात त्याचे पाय खाली पायताणं चाचपडायला लागायचे, ती पायात सरकायची, आणि मग मधल्या वाटेनं करकर, करकर करत स्वारी बाहेर. नायिका मरत असो, नाही तर नायक भाषण देत असो. आसपासच्या खुर्च्यांवरनं लोक म्हणायचे, "झालं, दस्तूभाईचा निकाल लागला." मी कितीदा म्हटलं, अरे निदान हळू तरी चाल. तर म्हणायचा, "हळू कशाला? तिकीट काढून बसलोय. चोरून आलोय व्हय?"

हे तिकिटाचं त्याचं फार कडक होतं. फुकट पिक्चर बघणाऱ्याचं मत तो धरायचाच नाही. "जेवायला बोलावल्यावर पावणा आमटीत मीठ कमी हाय म्हणतो काय? गप खातो, लई झ्याक म्हणतो, हात धुतो. पासवर बघणारा बी पावणाच." म्हणून त्याचा परीक्षकांवर मुळात विश्वास नव्हता. माझ्या घरी टीव्हीवर बक्षिसांचे कार्यक्रम लागले की तो मुद्दाम येऊन बसायचा, शेंगा सोलत. झगमगीत कपड्यातला नट मंचावर चढला, डोळे पुसले, आईचे आभार मानले, की दस्तगीर विचारणार, "ह्या परीक्षकांनी तिकीट काढलंतं का?" आणि पाठोपाठ त्याचा ठरलेला सवाल, "ते जाऊ दे. पडला कोण?"

या "पडला कोण" मागं एक गोष्ट आहे. आम्ही मिसरूड फुटायच्या वयाचे असताना पन्हाळ्याच्या वाटेवर एका पिक्चरचं शूटिंग लागलं होतं. कोल्हापुरात हे काही नवीन नाही, इथं दर घरात कुणीतरी कधीतरी शूटिंगच्या गर्दीत फेटा बांधून उभा राहिलेला असतोच. दस्तगीरच्या वडिलांकडनं कंपनीनं गाद्या भाड्यानं नेल्या आणि राखणीला दस्तगीर गेला, त्याच्या जोडीला मी. नायकानं तटावरनं उडी मारायची होती. नायकाचेच कपडे घातलेला एक काटकुळा माणूस वर चढला, त्यानं उडी टाकली, आणि गादीच्या कडेला आदळला. खांदा निखळला असावा, ओरडला नाही, नुसता पांढरा पडला. त्याला दोघांनी उचलून बाजूला नेलं. मग खुर्चीतनं नायक उठला, दस्तगीरच्या गादीवर येऊन आडवा झाला, अंगावर थोडी माती उडवून घेतली आणि रुबाबात उठून उभा राहिला. पुढं त्या नायकाला त्या भूमिकेचं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. दस्तगीर तो फोटो घेऊन माझ्याकडं आला. "सुभ्या, पडला कोण आन् शाल कुणाला घातली बघ." तिथनं त्याचा बक्षिसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. शाळेतल्या आदर्श विद्यार्थ्यापासनं ते मोठमोठ्या सन्मानांपर्यंत कुठलीही बातमी आली की हा विचारणार, "पडला कोण?"

त्या शेंगांच्या टरफलांत, आम्हा दोघांच्या मध्ये, माझी मुलगी मीनल वाढली. बाप प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारा आणि दस्तूकाका प्रत्येक पिक्चरवर. त्यातनं पोरीनं काय करावं, तर सिनेमा शिकायला पुण्याला जायचं ठरवलं! मी पुष्कळ आरडाओरडा केला. शेवटी दस्तगीरच म्हणाला, "जाऊ दे की मर्दा. एक तरी खरा पिक्चर काढंल." ती निघाली त्या दिवशी स्टँडवर आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. बस लागली होती, आणि मी म्हणालो, "बॅग खाली ठेव, उघड." मीनल लाजेनं लाल झाली. सगळ्या स्टँडसमोर मी तिची बॅग उघडली. लोक बघत होते, बघू देत. आत तिच्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी उलटी ठेवलेली, झाकणाशी तेल पाझरायला लागलेलं! दस्तगीरनं रुमाल काढून बरणी पुसली, सरळ केली, आम्ही ती टॉवेलात गुंडाळून बाजूला घातली. पोरीचे सगळे कपडे वाचले. ती मात्र खिडकीतनं माझ्याकडं न बघताच गेली. मला अजूनही त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही.

पुढं मीनलनं कसाबसा, उसनी माणसं आणि उसना कॅमेरा घेऊन, तिचा पहिला सिनेमा केला, आणि चार वर्षांपूर्वी त्याला एक मोठं पारितोषिक मिळालं. पेढे घेऊन मी सर्वांत आधी दस्तगीरच्या दुकानात गेलो. त्यानं पेढा हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि हा भला माणूस काय म्हणावा? "समितीत कुणी वळखीचं हुतं का रं?" मी पेढ्यांचा पुडा तिथल्या कापसावर आपटला. म्हणालो, "पडला कोण विचारतोस ना नेहमी? माझी पोरगी पडली! लोकांच्या हॉलमध्ये झोपली, लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरलं, ती पडली!" तो कापसातनं एक एक पेढा उचलून, फुंकर मारून पुड्यात ठेवत बसला. बरेच दिवस मी त्याच्या दुकानावरनं जाताना मान वळवली नाही.

मग कोल्हापुरात आमच्या जुन्या थेटरात तो सिनेमा लागणार म्हणून आदल्या संध्याकाळी त्याचा खास खेळ ठरला. पाहुणे, हार, पास. पास द्यायच्या निमित्तानं मी दुकानात गेलो आणि आमचं बोलणं सुरू झालं. खरं सांगतो, पारितोषिकाचं मला फार कौतुक नव्हतं. समितीतल्या लोकांना मी ओळखत नव्हतो, आणि अनोळखी माणसानं केलेल्या स्तुतीवर मी कशाला विश्वास ठेवू? मला दस्तगीरचा निकाल हवा होता. पायताण वाजतं की नाही, तेवढं ऐकायचं होतं.

त्या संध्याकाळी थेटरच्या दारात मी त्याची वाट बघत होतो, कान रस्त्याकडं लावून. आणि हा अचानक माझ्या शेजारीच उभा. आवाज नाही, चाहूल नाही. मी खाली बघितलं तर पायात काळे बूट! सलीमच्या लग्नात घातले होते ते, पॉलिश केलेले. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "चांगलं कार्य हाय, म्हणून घातलं." तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. जन्मात कधी बूट घालून पिक्चरला न आलेला माणूस नेमका आजच कसा बूट घालतो? उठून जायची वेळ आली तर वाजायला नको, म्हणून ना? पूर्ण सिनेमाभर मी पडद्याकडं कमी आणि त्याच्या पायांकडं जास्त बघत होतो. मांडी नाही, बूट काढले नाहीत, दोन्ही पाय जमिनीवर, शहाण्या मुलासारखा ताठ बसलेला.

सिनेमात होतं तरी काय, तर एक रिटायर झालेला नाकेवाला! घरात येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारा, बायकोचा मसाल्याचा डबा तपासणारा, लेकीच्या मैत्रिणींना दहा प्रश्न विचारणारा. लोक पोट धरून हसत होते. मी शेजारच्या रांगेत बसलेल्या मीनलकडं बघितलं, ती समोर बघत होती. नंतर विचारल्यावर म्हणाली, "बाबा, सगळ्यांचेच बाबा असे असतात." असतात? मला तर दुसरा कुणी माहीत नाही. शेवटच्या प्रसंगात लेक घर सोडून निघते, स्टँडवर बॅग बापासमोर ठेवते आणि म्हणते, "बघा." बाप बॅगेच्या चेनला हात लावतो... थांबतो... आणि न उघडताच बॅग तिच्या हातात देतो. सगळ्या थेटरनं रुमाल काढले. टाळ्या थांबेनात. मी दस्तगीरकडं वळलो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "चांगला हाय." आणि बूट न वाजवता निघून गेला.

दस्तगीर आणि "चांगला हाय"? ज्याला एखादा पिक्चर खरंच आवडला तर चौकापर्यंत हातवारे करत त्यातला मारामारीचा प्रसंग करून दाखवणार, तो एवढ्यावर थांबला? त्यानंतर मी त्याला कितीदा आणि कसकसं विचारलं! चहा पिताना, रंकाळ्यावर बसून, एकदा तर दवाखान्यात त्याची शुगर तपासायला गेलो तेव्हा. "खरं सांग दस्त्या." "खरंच सांगितलंय की." "बूट का घातलंतास?" "पायाला फोड आलता." कधी फोड, कधी पायताण चांभाराकडं, कधी बायकोनं सांगितलं म्हणून. नाक्यावर असं तीनदा तीन उत्तरं देणाऱ्याचा ट्रक मी पूर्ण खाली करायला लावला असता. जाण्याच्या आदल्या आठवड्यात शेवटचा भेटलो तेव्हाही मी तेच उकरलं. तो सुईत दोरा ओवत होता. हसला आणि म्हणाला, "सुभ्या, कबरीत बी माझी झडती घेशील तू." मी म्हटलं, "घेणारच." हेच आमचं शेवटचं बोलणं.

चाळीसावं झाल्यावर एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या महिन्यांत बाहेरच्या पुरुषांसमोर येत नव्हत्या, आतल्या खोलीत पडद्यामागं बसून बोलत होत्या. इकडच्या बाजूला मी आणि सलीम. माझी सगळी नोकरी माणसाच्या तोंडाकडं बघून खरंखोटं ओळखण्यात गेली आणि इथं समोर नुसता हिरवा पडदा. इकडचंतिकडचं झालं, आणि मला राहवेना. म्हटलं, "भाभी, मीनलचा सिनेमा त्याला आवडला नव्हता ना? आता तरी सांगा."

पडद्यामागनं भाभी म्हणाल्या, "त्या दिवशी पावण्यासारखे गेलते, भाऊजी. म्हणून तर पेटीतले बूट माझ्याकडनं काढून घेतले. दुसऱ्या दिवशी परत गेले की, एकटेच, तिकीट काढून. तुम्हाला न्हाय सांगितलं?"

मी सलीमकडं बघितलं, त्यालाही माहीत नव्हतं.

"घरला आले ते तसेच बसून राहिले," भाभी सांगत होत्या. "मी विचारलं, पोरीचा पिक्चर कसा हाय? म्हणाले, सगळा खरा हाय, शेवट खोटा हाय. सुभ्या बॅग उघडल्याबिगर राहतोय व्हय? मी स्वतः हुतो तिथं. त्यानं उघडली म्हणून लोणचं सांडलं न्हाई. न उघडता हातात देणारा बाप चांगला, आन् उघडणारा वाईट, असं पोरीनं का दाखवलं? माझा दोस्त काय वाईट हाय?... असं म्हणाले, आणि जेवले न्हाईत नीट."

मी उठलो. पण घरी येईपर्यंत जुना रोग उसळला. पडद्यामागनं बोललेलं, तोंड दिसलं नाही, नवरा गेलेली बाई, मला बरं वाटावं म्हणून बोलल्या नसतील कशावरनं? मीनलला फोन लावला. "दस्तूकाकानं तुला काही सांगितलं होतं का, सिनेमाबद्दल?" ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी फोन आला होता काकांचा. म्हणाले, पुढच्या पिक्चरात बॅग उघड. आणि म्हणाले, सुभ्याला सांगू नको, न्हाय तर माझीच झडती घेईल."

"आणि तुला काय वाटलं होतं?"

"मला माहीत होतं बाबा, शेवट खोटा आहे."

"मग ठेवलास कशाला?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसणार होता," ती म्हणाली. मी इतकी वर्षं ज्याचा वहीम घेत होतो ते खरंच होतं. मला ठरवून फसवलं होतं, माझ्या सर्वांत जवळच्या दोन माणसांनी, माझ्याचसाठी. राग यायला हवा होता, पण रडू आलं.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. तिकीट काढून गेला म्हणजे पायताणं घालून गेला असणार. शेवट खोटा वाटला म्हणजे उठलाही असणार. म्हणजे माझ्या पोरीच्या सिनेमात, भर थेटरात, करकर, करकर... हे चित्र माझ्या डोळ्यांपुढनं हलेना. आमच्या त्या थेटरचा डोअरकीपर पांडबा आता म्हातारा झालाय, दुपारी थेटरच्याच पायऱ्यांवर तंबाखू मळत बसलेला असतो. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

"पांडबा, माझ्या पोरीचा पिक्चर लागलता तवा दस्तू परत आलता का, एकटा?"

"आलते की दस्तूभाई. दुपारच्या खेळाला. सगळ्या थेटरात आठ-धा टाळकी."

"शेवटपर्यंत बसला?"

"न्हाई बा. शेवटी ती पोरगी बॅग घिऊन स्टँडवर येती न्हवं? तवा उठले."

म्हटलं, "मग सगळ्यांनी पायताण ऐकलं असंल."

पांडबानं माझ्याकडं असं बघितलं, जणू या माणसाला काहीच माहीत नाही. "ऐकतंय कशानं? पायताणं पायात कुठं हुती! दोन्ही काखंत मारून, अनवाणी, पाय न वाजवता आले पायऱ्या उतरून. मी म्हटलं, भाई, काय झालं, पायताण तुटलं का? तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, गप. आपल्या पोरीचा पिक्चर चाललाय."

पांडबा पुढं काहीतरी सांगत होता, थेटर पाडून तिथं दुकानं होणार म्हणून. माझं लक्ष नव्हतं. उठला होता दस्तगीर. खोट्याला खोटंच म्हणाला होता, माझ्या पोरीचं असलं तरी. आणि जवळजवळ रिकाम्या थेटरात, आमच्यापैकी कुणी ऐकायला नसताना, पायताणं काखोटीला मारून अनवाणी बाहेर आला होता. याच्यावर संशय घ्यायला मला कुठंच फट सापडेना. तिथनं सरळ त्याच्या दुकानात गेलो. सलीम गिऱ्हाईकाशी उशीचं माप बोलत होता. बैठकीच्या फळीखाली ती पायताणं तशीच होती, दस्तगीरनं त्या सकाळी काढून ठेवलेली, वर कापसाची धूळ बसलेली. मी खाली वाकून ती उचलली, सवयीनं उलटी करून तळ बघितला. टाच एका बाजूनं झिजली होती, उजव्याची जास्त. सलीम म्हणाला, "काका, घेऊन जावा तुम्ही. कुणाच्या मापाची न्हाईत." मी नको म्हटलं. धूळ फुंकून काढली आणि दोन्ही हातांनी ती परत फळीखाली ठेवली, आवाज न करता.